कुत्र्यामांजरांचे दात: भूल देऊन स्वच्छता, दाढ काढणे आणि त्याआधी विचारायचे प्रश्न

निरगुडी

आमचा खंडू आठ वर्षांचा, अठरा किलो वजनाचा देशी कुत्रा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आली. गांधीलमाशी चावली असावी असे समजून आम्ही एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाच दिवसांचे प्रतिजैविक दिले आणि सूज ओसरली. बारा दिवसांनी ती त्याच जागी परत आली आणि या वेळी फुटून डोळ्याखालच्या केसांवरून पू ओघळला. मग ज्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी डोळा तपासण्याआधी खंडूचा ओठ वर उचलला आणि वरच्या जबड्यातली सर्वांत मोठी दाढ आम्हाला दाखवली. तिच्या बाहेरच्या अंगाचा एक उभा कपचा निघून गेलेला होता आणि उरलेल्या भागात मोहरीएवढा काळा ठिपका दिसत होता.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. दर रविवारी मटणाबरोबर खाटकाकडून खंडूसाठी एक नळी आणायची, हा आमच्या घरचा पाच वर्षांचा रिवाज आहे. आपण त्याचे लाड करतो आहोत आणि त्यातच त्याचे दातही साफ होतात, अशी आमची समजूत होती.

मनाला अधिक लागलेली गोष्ट वेगळीच आहे. सहा महिन्यांपूर्वी कुत्र्यांना आंघोळ घालून केस कापून देणाऱ्या एका दुकानात आम्ही त्याचे दात भूल न देता खरवडून घेतले होते. दोघांनी त्याला धरून ठेवले, तिसऱ्याने हत्याराने कीटण काढले आणि अर्ध्या तासात दात पांढरे दिसू लागले. ते पाहून आम्ही निर्धास्त झालो आणि त्यानंतर त्याच्या तोंडात डोकावणेच सोडून दिले.

आता पूर्ण भूल देऊन ती दाढ काढावी आणि त्याच वेळी सर्व दातांची तपासणी व स्वच्छता करावी, असा सल्ला मिळाला आहे. या वयात भूल सोसेल का, सूज उतरली असतानाही दाढ काढणे खरेच अटळ आहे का आणि डॉक्टरांना आधी काय विचारून घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे. सासूबाईंनी तर त्याला भूल द्यायची नाही असे बजावून ठेवले आहे.

गोठा ते गल्ली

निरगुडीताई, मी पशुवैद्यक आहे. सुरुवातीची सहा वर्षे गायीम्हशींत गेली, त्यानंतर शहरात कुत्रीमांजरे पाहतो. तुमच्या डॉक्टरांनी आधी ओठ उचलला, यावरूनच त्यांना नेमके काय शोधायचे हे ठाऊक होते, असे मी म्हणेन.

कुत्र्याला ४२ कायमचे दात असतात. त्यांतली वरच्या जबड्यातली चौथी पूर्वदाढ आणि खालच्या जबड्यातली पहिली दाढ या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून घसरत मांस कापतात. वरच्या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके बरोबर डोळ्याखालच्या हाडात पोहोचतात. टणक वस्तू याच दाढेखाली धरून फोडली जाते, त्यामुळे कपचाही बहुधा तिचाच उडतो. कपच्याबरोबर दाताच्या आतला गर उघडा पडला की लाळेतले जिवाणू त्या वाटेने मुळापर्यंत उतरतात, गर मरतो आणि मुळाशी पू साठतो. डोळ्याखाली येते ती सूज या पुवाची असते. प्रतिजैविकाने ती उतरते, पण मेलेल्या दातात रक्तपुरवठाच उरलेला नसल्याने औषध तिथवर पोहोचत नाही आणि औषध संपले की सूज परत येते. तुमच्याकडे ती बाराव्या दिवशी आली, इतकेच. म्हणून एक तर दाढ काढायची किंवा तिचे रूट कॅनाल करायचे, हे दोनच मार्ग आहेत. रूट कॅनाल कुत्र्यांतही उत्तम होते, पण ते करणारे हात आपल्याकडे मोजके आहेत आणि नंतर एक्स-रे काढून पाठपुरावा करावा लागतो. दाढ काढलेला कुत्रा पंधरा दिवसांत पूर्वीसारखा जेवू लागतो.

आता भूल न देता केलेल्या त्या खरवडण्याविषयी. दाताचा जो भाग आपल्याला दिसतो, त्यावरचे कीटण हा दिसायला वाईट, पण आजाराच्या दृष्टीने दुय्यम भाग आहे. जेवणानंतर काही तासांतच दातावर जिवाणूंचा चिकट थर बसू लागतो आणि लाळेतल्या क्षारांनी तो दोन-तीन दिवसांत दगडासारखा घट्ट होऊ लागतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असल्याने त्यांचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, मात्र कीटण झपाट्याने चढते. खरे नुकसान होते ते हिरडीच्या काठाखाली. निरोगी कुत्र्यात हिरडी आणि दात यांमधली फट तीन मिलिमीटरांपर्यंत असते. आजारात तिचा खोल कप्पा होतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि दात हलू लागतो. हिरडी नुसती सुजलेली असेल तर ती पूर्ववत होते, परंतु झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. ही फट प्रत्येक दाताभोवती सळईने मोजावी लागते, तिच्या आतून साफ करावे लागते, मुळांचे एक्स-रे काढावे लागतात आणि खरवडल्याने पडलेले बारीक ओरखडे पॉलिश करून गुळगुळीत करावे लागतात, नाहीतर त्या खरखरीत पृष्ठभागावर थर पुन्हा लवकर धरतो. जागा असलेला कुत्रा यांतले काहीही करू देणार नाही. त्यातून धारदार हत्यार हातात असताना त्याने मान झटकली तर जखम होते ती वेगळीच. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत दातांच्या कामासाठी पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी आवश्यक मानली आहे, ती याच कारणांनी. त्या नळीला बाहेरून फुगणारी कडी असते. यंत्रातून उडणारे पाणी आणि जिवाणूंनी भरलेला चुरा फुप्फुसात जाऊ नये, ही तिची कामगिरी असते.

सासूबाईंची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ९८ हजारांहून अधिक कुत्रे आणि ७९ हजार मांजरांच्या भुलेची नोंद ठेवली गेली. भूल किंवा गुंगीशी संबंधित मृत्यू एकूण कुत्र्यांत ०.१७ टक्के आणि मांजरांत ०.२४ टक्के होते. निरोगी कुत्र्यांपुरते पाहिले तर ते ०.०५ टक्के, म्हणजे सुमारे दोन हजारांत एक, आणि आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के होते. म्हणून प्रश्न नुसत्या वयाचा नाही. मूत्रपिंड, यकृत आणि हृदय कसे आहे, हे आधी रक्ततपासणी करून आणि छाती ऐकून ठरवायचे असते.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. शिरेतून सलाइन चालू ठेवणार का? रक्तदाब, प्राणवायू आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत मोजणार का? ते आकडे पाहायला दात साफ करणाऱ्याव्यतिरिक्त दुसरा माणूस असेल का? आणि दातांचे एक्स-रे काढण्याची सोय तिथेच आहे का? याशिवाय, शुद्धीवर येताना त्याच्याजवळ कोण बसणार हेही विचारा. त्याच ब्रिटिश पाहणीत बरेचसे मृत्यू काम संपल्यानंतर, विशेषतः पहिल्या तीन तासांत, झालेले आढळले होते.

एक प्रश्न माझाही आहे. त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या कीटणात फरक दिसतो का, हे घरी पाहून सांगाल का?

जुना वाडा

निरगुडी यांच्याबद्दल सहानुभूती आहे, पण थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या लहानपणी वाड्यातल्या कुत्र्याचे दात कोणी पाहिले नाहीत. तो भाकरी-ताक आणि हाडके खाऊन जगला. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे दात कोण घासते? लांडगा कुठे दंतवैद्याकडे जातो? निसर्गाने दिलेल्या तोंडाला यंत्रे लावण्याची ही नवी हौस शहरी वाटते. हिरडी दुखत असेल तर हळद-मीठ चोळावे किंवा लवंगेचे तेल लावावे, निम्मे दुखणे तिथेच संपते.

आबोली

जुना वाडा, मी गेली नऊ वर्षे आमच्या भागातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवण देते आणि निर्बीजीकरणासाठी नेते. भूल दिल्यावर त्यांची तोंडे जवळून पाहायला मिळतात. सुळे मुळापर्यंत झिजलेले, दाढा तुटलेल्या, हिरडीतून पू येणारा, हे सगळे मी पाहिले आहे. ते जेवतात, कारण जेवले नाही तर मरतात. दुखणे लपवणे ही जनावराची सवय आहे, आणि तक्रार नाही म्हणजे दुखत नाही असा अर्थ आपणच काढतो. लांडग्यांच्या कवट्यांतही तुटलेल्या आणि गळलेल्या दाढा आढळतात. शिवाय रस्त्यावरची फार थोडी कुत्री खंडूच्या वयापर्यंत पोहोचतात.

गोठा ते गल्ली

जुना वाडा, लवंग तेलाबद्दल मात्र कळकळीची विनंती आहे. मांजराच्या बाबतीत तर तो उपाय अजिबात करू नका, कारण त्यातला घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्याही अशाच घातक असतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांमुळे कुत्र्याच्या पोटात व्रण पडून रक्तस्राव झालेला मी स्वतः हाताळला आहे. मीठही हिरडीवर चोळलेले शेवटी पोटातच जाते.

आणखी एका गोष्टीत तुमच्या बाजूने बोलतो. दातांच्या आजाराने हृदय, मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होतात, असे काही जाहिराती ठोकून सांगतात. असा संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, पण एकामुळेच दुसरे होते हे सिद्ध झालेले नाही. तोंडातले दुखणे हेच उपचाराला पुरेसे कारण आहे.

मांजरपाट

धाग्याच्या नावात मांजर आहे म्हणून लिहितो. आमची भाटी अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती ताटलीपाशी धावत यायची, एक घास घ्यायची, गुरगुरायची आणि ताटलीनेच चावा घेतल्यासारखी मागे पळायची. आम्हाला वाटले अन्नाचा कंटाळा आला. तीन प्रकारचे खाद्य बदलून झाले. तोंड उघडून पाहिले तर खालच्या एका पूर्वदाढेच्या मुळाशी हिरडीचा लाल कोंब दातावर चढलेला दिसला. डॉक्टरांनी सांगितले की मांजरांत दात हळूहळू विरघळत जाण्याचा एक आजार असतो. त्याचे नेमके कारण अजून कळलेले नाही, पण प्रौढ मांजरांत तो बराच आढळतो आणि खालच्या जबड्यातल्या त्याच दातापासून त्याची सुरुवात पुष्कळदा होते. अशा दातात चांदी भरून उपयोग नसतो, कारण विरघळणे थांबत नाही.

एक्स-रेचे महत्त्व मला तिथे पटले. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन दातांपैकी एकाचे मूळ शाबूत होते, म्हणून तो मुळासकट काढावा लागला. दुसऱ्याचे मूळ हाडात मिसळून गेले होते, म्हणून फक्त वरचा भाग कापून हिरडी शिवली. एक्स-रे नसता तर अस्तित्वातच नसलेले मूळ काढण्यासाठी जबडा कोरला गेला असता. तिला ३० दात होते, आता २६ आहेत, आणि ती पूर्वीपेक्षा नेटाने जेवते.

मांजरवाल्यांनी आणखी एक विचारून घ्यावे. तोंड उघडे ठेवायला स्प्रिंगचा चिमटा वापरतात का? मांजराचा जबडा स्प्रिंगने पूर्ण ताणून धरला की मेंदूकडे आणि डोळ्याच्या पडद्याकडे जाणारा रक्तपुरवठा दाबला जाऊ शकतो आणि भुलेतून उठलेले मांजर आंधळे झाल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनच्या सुईच्या टोपणाचा लहानसा तुकडा कापून सुळ्यांमध्ये ठेवला होता, तोही गरजेपुरताच.

पहिलटकर

आमच्याकडे सात महिन्यांचे पॉमेरेनियन पिल्लू आहे. त्याच्या वरच्या दोन्ही सुळ्यांशेजारी एकेक बारीक, टोकदार दुधाचा सुळा अजून आहे. तो आपोआप पडेल का?

गोठा ते गल्ली

या वयात तो आता स्वतःहून पडण्याची शक्यता कमी आहे. एका जागी एकाच प्रकारचे दोन दात एकाच वेळी नसावेत, हा साधा नियम. दोन सुळ्यांच्या बेचक्यात अन्न आणि केस अडकतात, हिरडी लवकर खराब होते आणि कायमचा सुळा वाकड्या जागी ढकलला जातो. खालच्या सुळ्यांच्या बाबतीत तर तो आत वळून टाळूत रुतू शकतो. पॉमेरेनियन, शिहत्झू, पग अशा लहान जबड्याच्या जातींत हे नेहमीचे आहे. निर्बीजीकरण करायचे असेल तर त्याच भुलेत हे दात काढून घ्या. दुधाच्या सुळ्याचे मूळ लांब आणि नाजूक असते, त्यामुळे घरी हलवून पाडण्याचा प्रयत्न करू नका, ते आत मोडते.

निरगुडी

सर्वांचे आभार. काम झाले आहे. खंडू आत्ता पायाशी झोपलेला आहे, म्हणून निवांत लिहिते.

आधी गोठा ते गल्ली यांच्या प्रश्नाचे उत्तर. उजव्या बाजूच्या दाढांवर तपकिरी थर जाड होता आणि डाव्या बाजूच्या दाढा जवळजवळ स्वच्छ होत्या. तुमचा प्रतिसाद वाचून मी त्याला जेवताना पाहिले, तेव्हा तो प्रत्येक घास मान तिरकी करून डावीकडे नेत होता. आमच्यासमोर, रोज दोन वेळा, कितीतरी महिने तो असाच जेवत होता आणि ती त्याची लकब आहे असे आम्ही समजत होतो.

रक्ततपासणी ठीक आली. सासूबाई स्वतः दवाखान्यात आल्या आणि "माणूस कोण बसणार?" हा प्रश्न त्यांनीच विचारला. सकाळी साडेनऊला भूल दिली, दुपारी सव्वाबाराला आम्हाला आत बोलावले. डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर दाखवला. दाढेच्या मागच्या मुळाच्या टोकाभोवती हाडात काळे, गोल वलय होते. तीन मुळांचा दात एकसंध उपटता येत नाही, म्हणून हिरडी उलगडून दाताचे तीन तुकडे केले, प्रत्येक मूळ वेगळे काढले आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी हिरडी शिवली. त्याशिवाय खालच्या एका छोट्या पूर्वदाढेभोवती सळई सात मिलिमीटर आत गेली. तो दातही काढावा लागला. दुकानात सर्वांत पांढरा झालेला तोच होता.

काढलेली दाढ त्यांनी डबीत घालून दिली. मुळांसकट ती माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी आहे, वर दिसत होती त्याच्या दुप्पट. संध्याकाळी घरी येताना तो झिंगल्यासारखा होता आणि रात्री थोडा कण्हला. दुसऱ्या दिवशी गार केलेला मऊ भात आणि उकडलेले चिकन त्याने संपवले. आठव्या दिवशी, आठ वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने, माझी चप्पल पळवली. बऱ्याच काळात त्याने असे काही केले नव्हते. त्यांत त्याच्या दुखण्याचा भाग किती होता, हे मला आत्ता कळते आहे.

खर्चाबद्दल दोघांनी व्यक्तिगत संदेशात विचारले आहे. शहरागणिक फरक पडतो म्हणून आकडा लिहीत नाही, पण बिलातला मोठा वाटा भूल, एक्स-रे आणि वेळेचा होता, दात काढण्याचा त्या मानाने लहान. सूज पहिल्यांदा आली तेव्हाच तोंड पाहिले असते तर औषधांचे दोन फेरे आणि त्याचा महिना वाचला असता.

आता रविवारच्या नळीला पर्याय काय? आणि ब्रश कधीपासून?

गोठा ते गल्ली

नळी पूर्ण बंद. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर ज्यावर खूण उमटत नाही, ती वस्तू दाढेखाली द्यायची नाही. त्यात नळी, हरणाचे शिंग, याकच्या दुधाची घट्ट कांडी हे सगळे आले. गोल कापलेली नळी खालच्या सुळ्यांमागे कडीसारखी अडकून आलेली कुत्रीही मी कापून सोडवली आहेत. चघळायच्या काड्या विकत घ्यायच्या असतील तर पाकिटावर व्हीओएचसी, म्हणजे व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल, या संस्थेची मोहोर आहे का ते पाहा. काड्या, पाण्यात घालायची औषधे ही सगळी ब्रशची मदतनीस आहेत, पर्याय नव्हेत.

टाके पूर्ण भरले की, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी तपासणी करून, ब्रश सुरू करा. पहिला आठवडा ब्रश आणूच नका. बोटावर चिकनचे बिनमिठाचे, बिनकांद्याचे पाणी लावून ओठाच्या आतून दाढांवर फिरवा आणि लगेच उठून शाबासकी द्या. मग लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट. आपली पेस्ट नको, कारण तो ती थुंकणार नाही, गिळणार. शिवाय तिच्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा घसरते आणि यकृतही जाऊ शकते. तोंड उघडायची गरज नाही. ओठ उचलून दातांची फक्त बाहेरची बाजू, हिरडीच्या काठाला तिरका ब्रश धरून, दोन्ही बाजूंना मिळून मिनिटभर, आणि रोज. आठवड्यातून एकदा घासून उपयोग होत नाही, कारण तोवर थर घट्ट झालेला असतो.

निरगुडी

रोज रात्री साडेनऊची वेळ ठरवली आहे. बोटाचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे, कारण त्यांच्या हातचे चिकनचे पाणी तो आनंदाने चाटतो. माझे बोट त्याने कालच हलकेच बाहेर ढकलले.